सात नंबर

एप्रिलच्या शेवटी कधीतरी माझा उजवा हात वर जाईनासा झाला. आधी वाटलं, झोपेत अवघडला असेल. मग वरच्या फळीवरचा साखरेचा डबा खाली आला, अंबाडा जाऊन क्लिप आली, आणि मे महिन्यात एका लग्नाला निघताना पाठीमागचे हूक लावायला मुलीला हाक मारावी लागली, तेव्हा मुकाट्याने डॉक्टरांकडे गेले. फ्रोझन शोल्डर. चाळिशी ते साठीतल्या बायकांना जास्त होतं, साखर असेल तर आणखी, असं म्हणून त्यांनी साखर तपासायला लावली. (निघाली. थोडी.) आपलं आपण बरं होतं, म्हणाले, पण दीड-दोन वर्षंही लागतात, घाई असेल तर फिजिओथेरपी सुरू करा.

मला घाई होती. दिवाळीला चकलीचा सोऱ्या कोण दाबणार?

म्हणून २०२५च्या जुलैत, भर पावसात, नळ स्टॉपच्या मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या एका तळमजल्यावर मी आठवड्यातून चार दिवस जाऊ लागले. चार खाटा, मध्ये हिरवे पडदे, कोपऱ्यात एक सायकल आणि छताला कप्पी. तिथे काय करतात हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी दहा मिनिटं खांद्यावर गरम शेक. मग चिकटपट्ट्या लावून मुंग्या आणणारं यंत्र. इथवर माणूस सुखात असतो, डुलकीही लागते. त्यानंतर ती मुलगी येते. लातूरकडची, जेमतेम पंचविशीतली, मनगटं अशी की बघून वाटावं ही चहाचा कप तरी कसा उचलते. ती एका हाताने खांद्याचं हाड दाबून धरते आणि दुसऱ्या हाताने दंड बाहेरच्या बाजूला वळवत नेते. 'काकू, श्वास सोडा.' श्वास कसला सोडता, जीव सुटायची वेळ येते. शेवटी भिंतीवरची लाकडी शिडी. वीतभर रुंदीची, बोटांनी चढायची. तीस पायऱ्या. पहिल्या दिवशी मी अकराव्या पायरीवर अडकले.

दुसऱ्या आठवड्यात मी शेक घेत पडले होते आणि पडद्यापलीकडे एक बाई गुडघा वाकवत होती. गुडघा बदलून तीन आठवडे झाले होते, एवढं आवाजावरून कळलं होतं. पडद्याआडून सगळ्यांचं सगळं कळतं. कोणाचा जावई बंगलोरला आहे तेसुद्धा.

'ब्याण्णव,' आमची मुलगी कोन मोजून म्हणाली. 'छान. मांडी चांगली आहे हो काकू तुमची. साठीला अशी नसते. काही खेळायचात का?'

'खोखो.'

'शाळेत? शाळेत मीपण खेळलेय.'

'शाळेतही,' बाई म्हणाल्या.

त्या 'ही'मध्ये काहीतरी होतं. मी डोळे उघडले. मुलीने विचारलं, कुठे, आणि बाईंनी सदाशिव पेठेतल्या एका संघाचं नाव घेतलं. लहान संघ, आता नाही. त्याचं मैदान आमच्या वाड्याच्या मागे होतं.

वाड्याच्या माडीवरून त्या मैदानाचा फक्त अर्धा भाग दिसायचा. एक खांब आणि बसलेल्या आठांपैकी चार जणी. पलीकडचा अर्धा एका चिंचेच्या झाडामागे. त्यामुळे पळणारी मुलगी झाडामागे गेली की ती बाद झाली का अजून पळतेय, हे आरडाओरड्यावरून ठरवायचं, आणि ती परत दिसली की सुटकेचा श्वास टाकायचा. माझं निम्मं बालपण त्या खिडकीत गेलं. घरात भावाचं कपिलदेवचं वेड होतं, १९८३ नंतर सगळ्या पेठेलाच होतं. पुढच्या वर्षी पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं, ते बाबांनी सकाळी पेपरमधून वाचून दाखवलं तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण लॉस एंजेलिस आम्हाला दिसत नव्हतं. मला दिसायची ती सात नंबर.

नाव माहीत नव्हतं. छातीवर कापडाचा नंबर, त्याच्या नाड्या पाठीवर बांधलेल्या. काळ्या रिबिनीने वर बांधलेल्या दोन वेण्या. खोखोत पाठलाग करणारीला सतरा बंधनं: एकदा दिशा धरली की खांब येईपर्यंत मागे वळायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही, पलीकडे जायचं तर बसलेल्या मैत्रिणीला खो द्यायचा आणि स्वतः तिच्या जागी बसायचं. पळणारीला फारशी बंधनं नाहीत, मुख्य म्हणजे मैदानाबाहेर जायचं नाही. ह्या मोकळेपणाचं काय करायचं हे सात नंबरला बरोबर कळलेलं होतं. बसलेल्या मुलींमधून ती साखळी घालत जायची, ह्या बाजूने एक, त्या बाजूने एक, जणू कुणी गजरा ओवतंय. मी शाळेत जाताना विजेच्या खांबांमधून तशीच जायचे. पेरूगेटाजवळ एका सायकलवाल्याने त्यापायी माझ्यावर केलेला उद्धार अजून आठवतो.

तर मी शेक खांद्यावर तसाच धरून उठले आणि पडदा सरकवला. हे वागणं बरं नव्हे, मला माहीत आहे.

'तुम्ही सात नंबर का?'

पलीकडे एक ठेंगण्या, सावळ्या बाई, पांढरा बॉबकट, खाटेवर पाय लांब करून बसलेल्या. गुडघ्यावर उभा टाक्यांचा वण. त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या खांद्यावरून गळणाऱ्या पाण्याकडे पाहिलं.

'असायचे कधीकधी,' त्या म्हणाल्या. 'तुम्ही कोण?'

हे 'कधीकधी' मी त्या वेळी ऐकलंच नाही.

पुढचे तीन आठवडे आमच्या वेळा जुळवून घेतल्या. मी त्यांना ताई म्हणू लागले, त्या दुसऱ्याच दिवशी 'अहो'वरून 'अगं'वर आल्या. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांनीच बजावलंय. 'आमच्या ऑफिसातल्या लोकांना वाटतं मी जन्मभर फायलीच हलवल्या. वाटू दे.' खेळाडू म्हणून एका ऑफिसात लागल्या, आठ वर्षं ऑफिसकडून खेळल्या, मुलगी झाली, थांबल्या. एवढंच, आणि तेसुद्धा कप्पीच्या दोऱ्या ओढता ओढता सांगितलेलं. गुडघे खोखोनेच गेले का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, 'माझी आई आयुष्यात एक पाऊल धावली नाही. तिचे दोन्ही गेले होते.'

बोलायच्या त्या खेळाबद्दल. जानेवारीत दिल्लीत पहिला खोखो विश्वचषक झाला, तेव्हा ह्या घरी पाय टीपॉयवर टाकून सगळे सामने बघत बसल्या होत्या. आपल्या मुली आणि मुलगे दोघांनीही अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. मुलींचा गुणफलक ७८-४०. 'अठ्ठ्याहत्तर!' ताई म्हणाल्या. 'आमच्या वेळी पंधरा-सोळा झाले तरी धो धो झाले म्हणायचे.' आता एका गड्याला दोन गुण, खाली मॅट, पायात बूट. मॅटचं त्यांना कौतुक होतं. 'आम्ही सूर मारला की कोपराची साल मैदानात राहायची.' ड्रीम रन म्हणजे पळणाऱ्यांची तुकडी तीन मिनिटं टिकली की तिला गुण मिळायला लागतात, हे मात्र त्यांना फारसं पटलं नव्हतं. 'तीन मिनिटांत बाद होऊन आलो तर सर विचारायचे, पोट बरंय ना?' आणि वझीर तर अजिबातच नाही. पाठलाग करणाऱ्यांतला हा एक गडी हवा तिकडे वळू शकतो. 'मग खोखो कशाला म्हणता? शिवाशिवी म्हणा.'

लातूरची मुलगी हसून म्हणाली, 'काकू, पण बघायला मजा येते.'

'ते आहेच,' ताई म्हणाल्या, आणि त्यावर थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

खोखोचे पहिले नियम १९१४ साली इथेच डेक्कन जिमखान्यावर लिहिले गेले, आमच्या क्लिनिकपासून रिक्षाने जेमतेम पाच-सात मिनिटांवर. हे मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. ताईंनी ते माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. ज्यांनी खेळ खेळला त्यांना इतिहासाची पडलेली नव्हती, आणि मला खिडकीत बसून दुसरं काही करायचंच नव्हतं.

त्यांच्यामुळे माझी शिडी मात्र वर सरकली. वेदना सुरू झाली की मी हात खाली घ्यायचे. त्या बाजूच्या खुर्चीत बसून सेकंद मोजायच्या, 'एकवीस, बावीस, तेवीस', आणि मध्येच थांबायच्या. मी ओरडायचे, 'पुढे?' 'तू थांबलीस, मी थांबले.' चौदावी. सोळावी. एकोणीस. त्यांचा गुडघा एकशे चारवर पोचला.

मग एका शुक्रवारी मी अंतिम सामन्याचा विषय काढला. इतके दिवस जपून ठेवला होता खरं तर. १९८४ची दिवाळीची सुट्टी, संध्याकाळ, बांबूंवर लावलेले दिवे. त्या दिवशी आम्ही मुलं खिडकीतून नव्हे, चुन्याच्या रेघेला चिकटून बसलो होतो. शेवटची तुकडी उतरली, दोघी पटापट गेल्या, उरली सात नंबर. आणि ती चार मिनिटं वीस सेकंद पळाली. चार वीस हा आकडा मला चाळीस वर्षं पाठ आहे, माझ्या लग्नाची तारीख मी एकदा विसरले होते. नाबाद. शिट्टी झाल्यावर ती आमच्यापाशी येऊन मातीतच बसली आणि म्हणाली, 'ए, पाणी आण गं.' मी वाड्यात धावत जाऊन तांब्या आणला. तिने तोंड न लावता वरून प्यायलं, उरलेलं डोक्यावर ओतलं, आणि रिकामा तांब्या माझ्या हातात दिला. तो तांब्या मी आईला घासू दिला नव्हता. दोन दिवस.

हे सगळं मी कप्पी ओढत सांगितलं. ताई लक्ष देऊन ऐकत होत्या. मग त्यांनी जे विचारलं ते मला वाटलं होतं त्यातलं काहीच नव्हतं.

'साखळी कुठून धरत होती? आठवतंय?'

'आमच्या बाजूच्या खांबापासून. डावीकडून.'

'नक्की डावीकडून?'

'नक्की. वळताना प्रत्येक वेळी आमच्याकडे पाठ व्हायची. नंबराच्या नाड्या दिसायच्या.'

'मग ती मी नव्हे,' ताई म्हणाल्या. 'मला डाव्या पायावर वळता यायचं नाही. मी उजवीकडूनच धरायचे.'

मी कप्पी सोडून दिली. हँडल फाडकन भिंतीवर आपटलं.

'अगं, घोटा मुरगळला होता माझा. उपान्त्य सामन्यात. फायनलला मी बाहेर बाकावर होते, सरांचं घड्याळ घेऊन. चार वीस अगदी बरोबर आहे, मीच मोजलंय.'

'पण सात नंबर...'

'सात नंबर काय माझ्या वडिलांचा होता? नंबर संघाचे. एका पत्र्याच्या पेटीत गोळा करून ठेवलेले. पेटी उघडली की ज्याच्या हाताला जो लागेल तो. मला सात बरा वाटायचा, मी लवकर जाऊन उचलायचे. मी नसले की ती उचलायची. तिला वाटायचं त्यात काहीतरी आहे.' मग जरा थांबून, 'पाणी मागितलं म्हणालीस ना? मी नसतंच मागितलं. सामन्यात पाणी प्यायलं की पोटात गोळा यायचा. लिंबाची फोड चोखायचे.'

रागावणार तरी कोणावर? पण खरं सांगते, रिक्षात बसल्यावर मला रडूच आलं. आणि लगेच स्वतःचं हसूही आलं, की बाई, एक्कावन्न वर्षांची झालीस, आणि कुणी कोणता नंबर लावला होता ह्यावरून कर्वे रोडवर रडतेस.

शनिवार-रविवार क्लिनिकला सुट्टी. त्या दोन दिवसांत मी एक उद्योग केला. आठवतं ते सगळं कागदावर काढलं, आणि सोमवारी ताईंसमोर ठेवलं. आता वाटण्या करा. ताईंनी चष्मा लावला आणि ज्या गांभीर्याने त्या कागदाकडे पाहिलं, तसं माझ्या इन्कम टॅक्सच्या कागदांकडे कोणी पाहिलेलं नाही. काळी रिबीन: 'माझी. आई काळीच आणायची, मळ दिसत नाही.' खांबाशी उडी मारून बाद करणं: 'माझं. दुसऱ्या कोणाचं नाहीच.' बाद झाल्यावर जमिनीवर हात आपटणं: 'तिचं. सर ओरडायचे त्यावरून.' पावसात सराव, एकटीच मैदानात, खांबाभोवती पंधरा-वीस फेऱ्या: ह्यावर त्या अडल्या. 'ही कोणीही असेल. आम्ही दोघी करायचो. एकमेकींना न सांगता.' एक आठवण तर दोघींचीही नव्हती. तिसरीच एक मुलगी, तिने म्हणे एकाच वर्षी दोन सामन्यांत सात लावला होता. आणि त्या चिंचेच्या झाडाचं काय? इकडून आत शिरणारी एक आणि तिकडून बाहेर येणारी दुसरी, असंही झालं असेल. एका वेळी तिघी पळत असतात, मी बघायचे फक्त नंबर, आणि सराव सामन्यात दोन्ही बाजूंना मुली एकाच संघाच्या.

'सरावात नंबर लावायचोच असंही नाही,' ताईंनी आणखी एक भर घातली.

'ताई, आता पुरे,' मी म्हटलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचं फिजिओ संपलं. गुडघा एकशे पंधरा. मुलीला त्यांनी पेढे दिले, मला चहा पाजायचा म्हणून कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात नेलं. हातात काठी होती, पण रस्ता ओलांडताना ती टेकवत नव्हत्या, स्कूटरवाल्यांना दाखवत होत्या. दोन चहा, एक क्रीमरोल अर्धा अर्धा. पैसे मी द्यायला गेले तर माझा उजवा हात धरून खाली केला. तो दुखरा हात हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मी विचारलं, 'ती दुसरी कुठे असते आता?'

'आहे की. चिंचवडला. ग्रुपवर आहे आमच्या, जुन्या मुलींच्या. रोज सकाळी सहाला फुलं पाठवते, वर सुविचार.' त्यांनी तोंड वाकडं केलं. 'नंबर देऊ?'

मी दे म्हटलं नाही आणि नकोही म्हटलं नाही. त्यांनी दिला. आज दीड महिना झाला, तो नंबर फोनमध्ये आहे. नाव माहीत असूनही मी तो 'सात' म्हणूनच साठवलाय. फोन केलेला नाही. काय सांगणार? की तुम्हाला पाणी दिलेली मुलगी मी, आणि चाळीस वर्षं तुमचं श्रेय दुसऱ्या बाईला देत होते, आणि अजूनही सात नंबर म्हटलं की मला ह्या बॉबकटवाल्या ठेंगण्या बाईच दिसतात?

ताईंनी त्याच रात्री एक फोटो पाठवला. कुणीतरी जुन्या छापील फोटोचा मोबाइलवर काढलेला, कडेला फोटो धरणाऱ्याचा अंगठा. दोन रांगांत बारा मुली, पुढे ढाल. मागच्या रांगेत सात नंबर दिसतो. तिचं तोंड हललंय, डोळे मिटलेत. दोन बोटांनी ताणून मोठा केला तर आणखीच पुसट झाला.

मी लिहिलं, 'ताई, ह्या तुम्ही का?'

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. 'नाही गं. मी खाली बसलेली, डावीकडून तिसरी. त्या दिवशी उशीर झाला, मला चार मिळाला. हात कसा आहे? कितवी?'

'सव्वीस,' मी लिहिलं. खरं तर पंचवीस होती.